डोळे उघडे की मिटलेले? योगवर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात पहाटेच्या योगवर्गाला येणारी मंडळी सतरंज्या गुंडाळता गुंडाळता जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. वजन कमी होईल का, गुडघा दुखतोय काय करू, हे प्रश्न असतातच. पण डोळ्यांबद्दल जितकं विचारलं जातं तितकं दुसऱ्या कशाबद्दल नाही. सगळ्या उत्तरांमागे माझं एक मत आहे, ते आधीच सांगून टाकते. डोळे मिटणं ही वरची पायरी आणि उघडे ठेवणं ही नवशिक्यांची, असं मी मानत नाही. दोन्हींतून वेगवेगळं कळतं, आणि त्यातही डोळे उघडे ठेवून सजग राहणं जास्त अवघड आहे.

आधी सरळ सांगा, आसनं डोळे मिटून करायची की उघडे ठेवून?

उभ्याने करायची आसनं, तोलाची आसनं, सूर्यनमस्कार आणि नव्याने शिकताय ते सगळं डोळे उघडे ठेवून. शवासन, बसून केलेला प्राणायाम, ध्यान आणि अंगवळणी पडलेली बैठी किंवा पडून करायची आसनं डोळे मिटून. एवढंच लक्षात ठेवलंत तरी काही बिघडणार नाही. पण अपवाद बरेच आहेत आणि शिकायला मिळतं ते त्या अपवादांतूनच.

डोळे मिटले की लक्ष आत वळतं ना? मग उघडे कशाला ठेवायचे?

डोळे मिटले की बाहेरचं दिसायचं थांबतं, एवढं नक्की. लक्ष आत वळेलच असं नाही. सोलापुरात पाणी रोज येत नाही. त्यामुळे पाणी यायच्या दिवशी वर्गात डोळे मिटून बसलेली निम्मी मंडळी मनाने घरी मोटार चालू करत असतात. टाकी भरली का, खालच्यांनी आधी नळी लावली असेल का, पोरगं उठलं का. चेहऱ्यावर मात्र समाधी लागलेली.

पतंजलींच्या आठ अंगांत प्रत्याहार पाचवा येतो. यम, नियम, आसन, प्राणायाम यांच्यानंतर. इंद्रियांनी आपापल्या विषयांच्या मागे धावणं सोडावं, ही त्यातली अपेक्षा. ते मनाने करायचं काम आहे, पापण्यांवर ढकलता येत नाही. डोळे उघडे असून समोरच्या गोष्टीमागे मन गेलं नाही, तर तो प्रत्याहार झाला. डोळे मिटलेले असून मन बाजारात हिंडून आलं, तर नाही झाला.

मेंदूच्या अंगानेही बघता येतं. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या लहरी ठळक होतात आणि डोळे उघडले की दबतात. त्यांनाच अल्फा लहरी म्हणतात. म्हणजे डोळे मिटल्यावर निवांत वाटतं, हा काही नुसता भास नाही. पण या लहरी डोळे मिटून खुर्चीत नुसत्या टेकलेल्या माणसातही दिसतात, त्यासाठी योग लागत नाही. निवांत होणं आणि जागं असणं यांत फरक आहे, आणि वर्गात आपण जागं असण्यासाठी येतो.

वृक्षासनात डोळे मिटले की मी लगेच डुगडुगते. डोळे उघडे असताना तर चांगली उभी राहते. माझा तोल बिघडलाय का?

नाही. डुगडुगला नाहीत तरच नवल.

तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून खबर घेतं. एक डोळे. दुसरा आतला कान. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांतला द्रव डोकं कुठे आणि किती वेगाने वळलं ते कळवतो. तिसरी, तळपाय, घोटे, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणारी जाणीव. आपण दिवसभर डोळ्यांवर इतके विसंबलेले असतो की बाकीच्या दोघांकडून फारसं काम करून घेत नाही. डोळे मिटले की सगळा भार अचानक त्यांच्यावर येतो. मेंदूविकारतज्ज्ञ आजही रुग्णाला पाय जुळवून उभं करतात आणि डोळे मिटायला सांगतात. त्या चाचणीला रोम्बर्ग चाचणी म्हणतात. पाय आणि मज्जारज्जूकडून येणारी खबर नीट पोचते आहे का, ते त्यात दिसतं.

ही तिसरी जाणीव सोलापूरच्या पूर्वभागातल्या बायकांना फोड करून सांगावी लागत नाही. विडी वळणारी बाई शेजारणीच्या तोंडाकडे बघत गप्पा मारत असते आणि मांडीवरच्या सुपातलं पान, तंबाखू, दोरा यांचा हिशेब बोटं आपला आपण ठेवत असतात. वृक्षासनात तळपायाला हेच शिकवायचंय.

एकदम वृक्षासनात डोळे मिटू नका. आधी ताडासन घ्या, पाठीमागे वीतभर अंतरावर भिंत असू द्या. पाय जुळवा, डोळे मिटा आणि पाचेक श्वास नुसतं तळपायांकडे लक्ष द्या. भार अंगठ्याखालच्या उंचवट्यावर जातो, तिथून करंगळीकडे, मग टाचेवर, पुन्हा पुढे. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही शरीर बारीक बारीक झुलत असतं, हे डोळे उघडे असताना सहसा कळत नाही. मला विचाराल तर डोळे मिटून उभं राहण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

हे जमलं की एका पायाची टाच दुसऱ्या घोट्याला टेकवा, चवडा जमिनीवरच राहू द्या. मग पाऊल वर घ्या, पण एक बोट भिंतीला. मग नजर खाली जमिनीवर आणून पापण्या अर्ध्या मिटा. पूर्ण मिटायची पाळी सगळ्यात शेवटी. मधे पाय टेकवावा लागला तर टेकवा, त्यात कमीपणा नाही. डुगडुगताना घोट्याभोवतीचे छोटे स्नायू भराभर काम करत असतात, आणि ते करावं म्हणूनच तर डोळे मिटले.

हे कुणी करू नये?

बरेच दिवस मधुमेह असलेल्यांनी आधी तळपाय तपासून घ्यावेत. मुंग्या येत असतील, बधिरता असेल, चप्पल पायातून निसटलेली कळत नसेल, तर पायाकडून येणारी खबर कमी झालेली असते आणि तोल जवळजवळ डोळ्यांवरच चाललेला असतो. अशा माणसाने उभ्याने डोळे मिटणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. कानाच्या विकाराने चक्कर येणारे, वयाने खूप थकलेले, हाडं ठिसूळ झालेले आणि गरोदर बायका यांनीही उभी आसनं डोळे उघडे ठेवून, भिंतीपाशीच करावीत. पायांची जाणीव वाढवायची असेल तर खुर्चीत बसून, तळवे जमिनीला लावूनही करता येतं. त्यात मजा कमी नाही.

उघड्या डोळ्यांनी नक्की बघायचं कुठे?

योगात नजरेच्या जागेला दृष्टी म्हणतात आणि तिचा बारकाईने विचार झालेला आहे. म्हैसूरला पट्टाभी जोइस यांनी शिकवलेल्या अष्टांग विन्यास पद्धतीत अशा नऊ दृष्टी ठरलेल्या आहेत: नाकाचा शेंडा, भुवयांचा मध्य, नाभी, हात, पायाची बोटं, हाताचे अंगठे, डावी बाजू, उजवी बाजू आणि वर आकाशाकडे. प्रत्येक आसनाला त्यातली एक. तुम्ही ती पद्धत करत नसाल तर नऊ पाठ करायची गरज नाही. कल्पना मात्र घेण्यासारखी आहे: आसन चालू असताना नजरेला घर द्यायचं, तिला हिंडू द्यायचं नाही.

तोलाच्या आसनात समोर डोळ्यांच्या उंचीवर भिंतीवरचा एखादा ठिपका घ्या. हलणारी वस्तू नको. पंखा नको, झाडाची फांदी नको, आणि समोर उभी असलेली बाई तर अजिबात नको. ती हलली की तुम्ही हलणार, आणि तुम्ही हललात की तुमच्याकडे बघणारी मागची. एकदा अख्खी रांग अशी आडवी झालेली बघितली आहे. त्रिकोणासनात नजर वरच्या हाताच्या अंगठ्याकडे, पण मानेला त्रास होत असेल तर सरळ समोर किंवा खाली. पश्चिमोत्तानासनात पायाच्या अंगठ्यांकडे. भुजंगासनात नजर समोर राहिली तरी पुरे. छत बघायच्या नादात मान मोडून घेऊ नका.

आता महत्त्वाचं. ठिपक्याकडे बघायचं, पण डोळे वटारून नाही. कपाळाला आठी पडली, जबडा आवळला, श्वास अडकला, की समजायचं नजर फार घट्ट धरली. ठिपका दिसतोय, त्याच्या आजूबाजूचंही अंधूक दिसतंय आणि त्याच वेळी उभ्या पायाचा तळवा जाणवतोय, अशी बैठक जमली पाहिजे. बाहेरचं दिसत असताना आतलं सुटू द्यायचं नाही. उघड्या डोळ्यांचा सराव अवघड म्हणते तो यासाठी. आणि कामी येतो तोही हाच. खोलीत डोळे मिटून शांत बसलेला माणूस सात रस्त्याच्या चौकात मागून हॉर्न वाजला की किती शांत राहतो, ते आपण सगळे रोज बघतोच.

आरशासमोर सराव करावा का?

अधूनमधून. खांदा उचलला गेलाय, कंबर एका बाजूला झुकलीय, हे आरसा पटकन दाखवतो. रोज आरशासमोर केलं तर मात्र आसन कसं वाटतंय यापेक्षा कसं दिसतंय याकडेच लक्ष जातं. एकदा बघा, दुरुस्त करा, मग पाठ फिरवून तेच आसन करा.

वर्गात डोळे मिटायला सांगतात, पण मला चोरून बघावं लागतं. बाकीचे काय करतायत ते कळत नाही.

बघा की. सूचना कळली नसेल तर डोळे उघडणं हा गुन्हा नाही.

यात शिकवणाऱ्याचीही जबाबदारी आहे. डोळे मिटलेल्या माणसाला फक्त आवाजाचा आधार असतो. आपल्या शहरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी कितीतरी माणसं आहेत. वयस्कर आजींना भराभर दिलेली मराठी सूचना डोळे मिटून पकडता येत नाही, म्हणून त्या एक डोळा किलकिला करून शेजारणीकडे बघतात. वर्गात मधूनच "कळ्ळु मूसुकोंडी" किंवा "कण्णु मुच्चि" म्हटलं, की आधी हसू फुटतं आणि मग पापण्या खरंच सैल मिटतात. शिकवणाऱ्यांनो, अवयवांची चार नावं त्या त्या भाषेत शिकून घ्या. डोळे मिटायला सांगायच्या आधी आसन एकदा करूनही दाखवा.

मोबाइलवर व्हिडिओ बघून करतो. डोळे मिटायचे कधी?

व्हिडिओ आधी बसून पूर्ण बघा, मग मोबाइल पालथा ठेवा आणि नुसत्या आवाजावर करा. जमिनीवर ठेवलेल्या पडद्याकडे बघत अधोमुख श्वानासन करणाऱ्याची मान कुठल्या कुठे वळलेली असते. बाकी काही नाही.

अर्धे मिटलेले डोळे हा काय प्रकार आहे? मूर्तींमध्ये दिसतो तसा?

हो, तोच. आणि तो जुना आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातल्या तेराव्या श्लोकात पाठ, मान, डोकं सरळ ठेवून, इकडेतिकडे न बघता नाकाच्या शेंड्यावर दृष्टी ठेवायला सांगितलंय. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी या स्थितीचं वर्णन करताना अर्धोन्मीलित हाच शब्द वापरला आहे. झेन साधक डोळे अर्धवट उघडे ठेवून, नजर खाली सोडून बसतात; इगतपुरीला शिकवतात त्या विपश्यनेत डोळे मिटून बसायचं असतं. दोघेही बुद्धाचीच परंपरा सांगतात आणि डोळ्यांबाबत त्यांचं एकमत नाही, यावरून आपणही फार हट्ट धरू नये.

करायचं असं: ताठ बसा, नजर समोर तीन-चार फुटांवर जमिनीवर सोडा आणि वरच्या पापण्यांना स्वतःच्या वजनाने खाली येऊ द्या. काही निरखायचं नाही. फरशीची रेघ दिसली तर दिसली. डोळे मिटले की झोप येते आणि उघडले की मन भरकटतं अशा माणसांना ही मधली वाट फार मानवते. नाकाच्या शेंड्याकडे बघायला जाऊन डोळे तिरळे करू नका, डोकं दुखतं. नाकाच्या रोखाने खाली, एवढाच अर्थ पुरेसा आहे.

याच्या पुढची शांभवी मुद्रा. हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात तिचं वर्णन आहे: लक्ष्य आत, दृष्टी बाहेर आणि पापण्यांची उघडझाप नाही. ऐकायला सोपं, करायला नाही. भुवयांकडे जोराने डोळे फिरवणं म्हणजे शांभवी अशी समजूत करून घेऊन लोक डोळे ताणतात. नवशिक्यांना मी ती शिकवत नाही.

त्राटक घरी करता येईल का? कसं करायचं?

येईल. हठप्रदीपिकेत सांगितलेल्या सहा शुद्धिक्रियांपैकी ती एक; धौती, बस्ती, नेती, नौली, कपालभाती या बाकीच्या पाच. एका सूक्ष्म लक्ष्याकडे डोळ्यांत पाणी येईपर्यंत स्थिर बघायचं, असं मूळ सांगणं. घरी करताना मी ते थोडं सौम्य करायला सांगते.

तुपाची किंवा तेलाची वात हातभर ते दोन हात अंतरावर ठेवा, ज्योत डोळ्यांच्या उंचीवर. स्टुलावर दोन पाट ठेवले की बरोबर उंची येते. ज्योतीच्या टोकाकडे, पण डोळे न फाडता बघा. एरवी आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. त्राटकात त्या आपोआप कमी होतात, आणि चुरचुरायला लागलं की मिटायच्या. मग मिटल्या डोळ्यांआड ज्योतीची जी छाप दिसते, ती विरेपर्यंत तिच्याकडे लक्ष. उघड्या आणि मिटलेल्या डोळ्यांचा सराव एकाच बैठकीत होतो, हे त्राटकाचं वैशिष्ट्य. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली.

अडचण आपल्या उन्हाळ्याची. ज्योत स्थिर राहायला पंखा बंद पाहिजे आणि एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पंखा बंद करून कोण बसणार? पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो तेव्हा ज्योतीचा नाद सोडा. पांढऱ्या कागदावर रुपयाएवढा काळा ठिपका काढा, भिंतीला चिकटवा आणि पंख्याखाली बसा. लक्ष स्थिर करायला ठिपकाही चालतो.

मिरगीचा त्रास असलेल्यांनी हलत्या ज्योतीचं त्राटक करू नये. डोळे आलेले असताना, डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असताना किंवा कोरड्या डोळ्यांचा त्रास असताना थांबावं. कॉन्टॅक्ट लेन्स काढून बसावं.

त्राटकाने चष्म्याचा नंबर जातो ना?

नाही. लांबचं दिसत नाही तेव्हा बहुतेक वेळा बुबुळापासून पडद्यापर्यंत डोळ्याची लांबीच वाढलेली असते. बघण्याच्या सरावाने ती लांबी कमी होत नाही. त्राटकाने एकाग्रता वाढावी ही अपेक्षा ठेवा आणि चष्मा घालून करा.

उगवत्या सूर्याकडे बघून केलं तर?

करू नका. सकाळी सोसवतं म्हणून लोक फसतात. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे तो भाजत असताना काही जाणवत नाही. नंतर नजरेच्या मधोमध डाग राहतो. सूर्यनमस्कार पूर्वेला तोंड करून घालावेत ही आपल्याकडची पद्धत आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींनी ते घरोघरी नेले, सगळं खरं. सूर्याकडे तोंड करा, टक लावू नका.

डोळे मिटले की झोपच येतेय हो! काय करू?

रात्रपाळी करून आला असाल तर झोपा. सूतगिरणीत किंवा मागावर रात्रभर उभं राहून पहाटे थेट वर्गाला येणारी माणसं असतात. त्यांना शवासनात घोरायला लागलं म्हणून जागं करणं मला पटत नाही. त्या शरीराला त्या घडीला योगापेक्षा झोपेची गरज आहे.

झोप पुरेशी होऊनही डुलकी येत असेल, तर शवासनात कोपरातून एक हात उभा ठेवा. डुलकी लागली की तो कलतो आणि तुम्ही जागे होता. किंवा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बसा. पोट भरलेलं असताना ध्यानाला बसू नका, हे आपल्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या गावात वेगळं सांगायला हवं.

आणि शवासनातून उठताना घाई नको. आधी हातापायाची बोटं हलवा, उजव्या कुशीवर या, तिथे सावकाश डोळे उघडा, मग हाताने रेटून बसा. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर डोळे मिटलेले असताना झटकन उठूच नये, चक्कर येते.

डोळे मिटले की मला घाबरल्यासारखं होतं, छातीत धडधडतं. सगळ्यांना शांत वाटतं, मलाच असं का?

तुम्हालाच नाही. अपघात बघितलेला असतो, घरात मारहाण सोसलेली असते, नुकतंच कुणी गेलेलं असतं. अशा माणसाला डोळे मिटले की सुरक्षित वाटण्याऐवजी उलटं वाटू शकतं. काही जणांना कारण सापडतही नाही. डोळे उघडे ठेवा. वर्गात भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी जागा घ्या. नजर आपल्याच हातांवर किंवा सतरंजीच्या काठावर ठेवा आणि श्वास मोजा. शवासनही उघड्या डोळ्यांनी, छताकडे बघत करता येतं. किंवा कुशीवर पडा.

"मिटा, मिटा, काही होत नाही" म्हणणाऱ्या शिक्षकाचं ऐकू नका. त्रास वर्गाबाहेरही, रात्री झोपताना होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

प्राणायामात आणि भ्रामरीत डोळ्यांचं काय?

अनुलोम-विलोम, उज्जायी, भ्रामरी: मिटून. कपालभाती आणि भस्त्रिका शिकताना उघडे, म्हणजे पोटाची हालचाल बघता येते. हलकं वाटायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, की थांबा आणि डोळे उघडून नेहमीसारखा श्वास घ्या.

भ्रामरीत षण्मुखी मुद्रा करताना, म्हणजे बोटांनी कान-डोळे झाकताना, बोटं पापण्यांवर नुसती टेकवा. बुबुळं दाबायची नाहीत. डोळ्यावर दाब पडला की हृदयाचे ठोके मंदावतात, ही शरीराची ठरलेली प्रतिक्रिया आहे. हृदयविकार असलेल्यांना ती महागात पडू शकते. तळहात चोळून डोळ्यांवर ठेवतो तेव्हाही हाताची ओंजळ पोकळ हवी. पुण्यातल्या अय्यंगार परंपरेत शवासनात डोळ्यांवर पट्टी बांधतात. घरी तसं करायचं असेल तर मऊ धुतलेलं सुती कापड नुसतं पसरा, आवळू नका.

काचबिंदू आहे. काय टाळू?

डोकं खाली जाणारी आसनं. शीर्षासनात डोळ्याच्या आतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. अधोमुख श्वानासन, हलासन, बराच वेळ पुढे वाकून राहणं, यांतही तो वाढतो. डोळे मिटले किंवा उघडले म्हणून यात फरक पडत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर कधी वाकायचं ते डॉक्टर सांगतील तेव्हाच.

घराला लागूनच कारखाना आहे, यंत्रमागाची खटखट चालू असते. डोळे मिटले की ती जास्तच ऐकू येते.

येणारच. दिसणं थांबलं की कान पुढे येतात. त्यात वाईट काही नाही, उलट मिळालेली संधी आहे. आवाज बंद व्हायची वाट बघत राहिलात तर ध्यानाला बसणं कधीच होणार नाही, कारण एक कारखाना बंद झाला की पलीकडचा चालू असतो आणि संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरली की त्या बाजूच्यांना रात्रीही आवाज असतो.

डोळे मिटा आणि सगळ्यात लांबचा आवाज शोधा. रेल्वेची शिट्टी, मशिदीची अजान, देवळातली घंटा. मग त्याच्या अलीकडचा. मग मागाचा: एकसारखा आहे का, मधे अडखळतो का? मग खोलीतला पंखा. शेवटी स्वतःचा श्वास. आवाजाला नाव ठेवायचं नाही, कंटाळाही करायचा नाही, नुसतं ऐकायचं. मागाच्या ठेक्यात श्वास अडकवू नका मात्र. तो वेग श्वासाला मानवणारा नाही. मागावर काम करणारे सांगतात की खटखटीतला बारीक बदलही त्यांना लगेच कळतो. असं ऐकणं असेल तर आवाज ध्यानाच्या आड येत नाही.

फारच डोक्यात जात असेल तर त्या वेळेला उघड्या डोळ्यांची आसनं करा आणि बसणं पहाटेसाठी ठेवा.

सिद्धेश्वर तलावाकाठी किंवा बागेत डोळे मिटून बसलं तर चालेल?

सोबत कुणी असेल तर. चपला आणि मोबाइल मांडीशी घ्या. मोकाट कुत्री असतील तिथे डोळे मिटून पडू नका. शवासन घरी जाऊन करा. डासांच्या दिवसांत सगळंच घरी.

मुलांना डोळे मिटून बसवावं का?

जबरदस्ती नको. लहान मुलं मिटतात आणि फटीतून बघतात, त्यांना तो खेळ वाटतो. तर खेळच करा: डोळे मिटून एका पायावर कोण जास्त वेळ, डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट कोण लावतं. शरीराची जाणीव याच्यातूनही वाढते.

आठवडाभर करून बघायचं असेल तर काय करू?

एकच सोपं आसन निवडा. मार्जरासन घ्या, म्हणजे पडायची भीती नाही. पहिल्यांदा डोळे उघडे, दोन हातांच्या मधल्या जागेकडे बघत पाच वेळा. लगेच डोळे मिटून पाच वेळा. मग पुन्हा उघडून. प्रत्येक वेळी पाठीचा कणा कुठून हलायला सुरुवात होते तेवढंच बघा: माकडहाडापासून की मानेपासून? मिटल्यावर बहुतेकांना पाठीचा एखादा तुकडा हलतच नाही हे पहिल्यांदा कळतं. खरा कस तिसऱ्या फेरीत लागतो. डोळे उघडल्यावर तो तुकडा जाणवत राहतो का? पहिले काही दिवस नाही राहणार. ते टिकायला लागलं की हाच प्रयोग ताडासनात करा.

योगा मॅट नाही. सोलापुरी चादर अंथरून चालेल का?

बसायला, पडायला, ध्यानाला चादरीसारखं काही नाही. दुहेरी घडी घाला. उभ्या आसनांना मात्र नको. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, आणि डोळे मिटलेले असताना सरकली तर सावरायला वेळ मिळत नाही. उभ्याने करताना चादर बाजूला सारा आणि कोरड्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहा. उन्हाळ्यात घामाने पाय ओले होतात, तेव्हा शेजारी पंचा ठेवा: आधी तळवे पुसा, मग कपाळ. पुढे वाकल्यावर कपाळावरचा घाम थेट डोळ्यांत उतरतो.